कोविड-१९ : हृदय व रक्तवाहिन्यांवरील परिणाम

कोविड-१९ हा श्वसनमार्गाचा आजार म्हणून ओळखला गेला. पण गंभीर रुग्णांमधला बराचसा बिघाड रक्तवाहिन्यांत घडतो. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येणे, म्हणजे मायोकार्डायटिस, त्या मानाने विरळ आहे. दाह, रक्ताच्या गुठळ्या आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे हृदयाला पोचणारी इजा जास्त दिसते.

सार्स-कोव्ह-२ हा कोविडचा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला धरून आत शिरतो. रक्तवाहिनीचे आतले अस्तर निरोगी असेल तर रक्त वाहते राहते. दाहाच्या माऱ्यात हे अस्तर सुजते, त्यातून व्हॉन विलेब्रँड घटक हे चिकटवणारे प्रथिन बाहेर पडते आणि प्लेटलेट चिकटू लागतात. त्याच वेळी यकृत फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन जास्त बनवते. त्यात अंथरुणावर पडून राहणे आलेच. मग पायाच्या खोल शिरेत गुठळी होते, ती सुटून फुप्फुसात अडकते. काही गुठळ्या तर फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतच तयार होतात. धमनीत गुठळी झाली तर हार्ट अटॅक किंवा पक्षाघात.

रक्तात ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतले प्रथिन वाढले की हृदयस्नायूला इजा झाली एवढे कळते, कारण कळत नाही. त्यासाठी ईसीजी, टूडी इको आणि गरजेप्रमाणे एमआरआय लागतो. डी-डायमरचा, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या अंशाचा, मात्र साथीत फार बाऊ झाला. तो दाह, वय, गरोदरपण यांनीही वाढतो, त्यामुळे घरी बसलेल्या रुग्णाने नुसत्या या आकड्यावर रक्त पातळ करणारी गोळी सुरू करणे चूकच.

दाखल रुग्णाला गुठळी टाळण्यासाठी हेपरिन देतात. एनोक्झापॅरिन या हेपरिनच्या प्रकाराची नेहमीची प्रतिबंधक मात्रा रोज ४० मिलिग्रॅम, मूत्रपिंड कमकुवत असल्यास कमी. २०२१ मधील चाचण्यांत हेपरिनच्या उपचाराच्या पूर्ण मात्रेचा फायदा मध्यम आजारी रुग्णांना दिसला, अतिदक्षता विभागातल्यांना नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी या कोविडवरील औषधांच्या मोठ्या चाचणीत ॲस्पिरिनने मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव थोडा वाढला. याच चाचणीने डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस, प्राणवायू लागणाऱ्यांना उपयोगी ठरवले. प्राणवायू न लागणाऱ्यांना फायदा नव्हता. तरीही स्टेरॉइड सर्रास वापरले गेले, साखर वाढली आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. ही बुरशीही रक्तवाहिनीच्या भिंतीतच घुसते आणि ती बंद पाडते. नाकातली, टाळूची ऊती काळी पडते ती रक्तपुरवठा तुटल्यामुळे.

रक्तदाबाच्या एसीई इन्हिबिटर गोळ्या एसीई-२ वाढवून संसर्ग बळावतील, अशी भीती सुरुवातीला होती. ती खरी ठरली नाही; या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि अझिथ्रोमायसिन एकत्र घेतल्यास मात्र ईसीजीतील क्यूटी अंतर (ठोक्याच्या विद्युत लहरीचा काळ) लांबून ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात.

मुलांत संसर्गानंतर २ ते ६ आठवड्यांनी ताप, पुरळ, पोटदुखी आणि लाल डोळ्यांसह एमआयएस-सी हा अनेक अवयवांना सूज आणणारा आजार उद्भवतो. यात हृदयाची पंपिंग क्षमता घसरते, कधी हृदयाच्या धमन्या फुगतात. इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइडने बहुतेक मुले सुधारतात.

बरे झाल्यावरची धडधड अनेकदा पॉट्समुळे, म्हणजे उभे राहताच नाडी फार वाढण्याच्या विकारामुळे, असते. रुग्णाला ५ मिनिटे झोपवून नाडी मोजावी, मग १० मिनिटे उभे करून पुन्हा मोजत राहावी. रक्तदाब फारसा न घसरता नाडी मिनिटाला ३० ने, १२ ते १९ वयोगटात ४० ने वाढली आणि असा त्रास महिनोन्‌महिने टिकला, तर पॉट्सचा संशय घ्यावा. भरपूर पाणी, उच्च रक्तदाब नसेल तर जास्त मीठ, घट्ट मोजे आणि बसून किंवा आडवे होऊन करायचे व्यायाम हे पहिले उपाय.

तरुणांच्या अचानक मृत्यूंमागे लस असल्याची शंका घेतली गेली. त्याबद्दल आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२३ मध्ये १८ ते ४५ वयोगटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेले असणे, घराण्यात असा मृत्यू, आदल्या ४८ तासांत अतिमद्यपान आणि जोरकस श्रम यांचा संबंध दिसला. लसीचे दोन डोस घेतलेल्यांत धोका कमी आढळला. फायझर, मॉडर्ना यांसारख्या एमआरएनए लसींनंतर, मुख्यतः तरुण पुरुषांत दुसऱ्या डोसनंतर, क्वचित मायोकार्डायटिस होतो हे खरे. भारतात मात्र बहुतेक लसीकरण कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिनचे झाले, त्या एमआरएनए लसी नाहीत. मायोकार्डायटिस सिद्ध झाल्यास ३ ते ६ महिने जिम, धावणे, स्पर्धा बंद. तपासण्या पुन्हा करूनच सुरुवात.