नागरी धर्म (अमेरिका)

नागरी धर्म म्हणजे सिव्हिल रिलिजन. राष्ट्राध्यक्षापासून गावच्या कौन्सिलपर्यंत सरकारी पदावरची माणसं पदावरूनच देव आणि देश एका दमात घेतात, त्या सगळ्या शपथा, प्रार्थना, प्रतिज्ञा वगैरेंना मिळून हे नाव. शब्द रूसोचा (१७६२), अमेरिकेला तो नीट लावला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी १९६७च्या निबंधात. त्यांच्या मते भाषणांतला हा देव कुठल्याच चर्चचा नाही. टीकाकारांना यात लेबल काढलेला प्रोटेस्टंट पंथच दिसतो, आणि जुनी भाषणं वाचली की हे बरंचसं पटतंही.

खरा घोळ आहे तो शपथेचा. राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाची शपथ शब्दन् शब्द दिलीय आणि तीत देव नाही, शिवाय पदासाठी धर्माची अट घालायची नाही हेही तिथेच लिहिलंय. तरी ३० एप्रिल १७८९ला वॉशिंग्टननी शेवटी ‘देवा, मला साहाय्य कर’ असं स्वतःहून जोडलं ही गोष्ट सगळे सांगतात. आता बायबल होतं हे पक्कं, फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या लॉजमधून (शाखेतून) आणलेलं, पण तिथे हजर असलेल्या फ्रेंच राजदूताने शपथ जशीच्या तशी लिहून ठेवलीय तीत हे शब्द नाहीत, आणि छापील कथा दिसते ती बहुधा १८५०च्या दशकात, म्हणजे साठेक वर्षांनी. राष्ट्राध्यक्षाने हे शब्द म्हटल्याची त्याच काळातली भरवशाची नोंद १८८१ची, आर्थर यांची. म्हणजे परंपरा जुनी खरी, पण सांगतात तेवढी नसावी. राष्ट्राध्यक्ष पिअर्सनी तर १८५३मध्ये ईश्वरसाक्ष शपथच घेतली नाही, नुसतं दृढकथन केलं.

झेंड्याची प्रतिज्ञा १८९२ची, लिहिणारा बॅप्टिस्ट पाद्री फ्रान्सिस बेलामी, आणि गंमत म्हणजे पाद्र्याने लिहून तीत देव नव्हता! ‘देवाच्या छत्राखाली’ या अर्थाचे शब्द आयझेनहॉवरच्या सहीने १९५४ला घुसले, समोर नास्तिक कम्युनिस्ट रशिया होता म्हणून. प्रतिज्ञा म्हणताना आधी शाळेतली मुलं हात झेंड्याकडे सरळ ताणून सलाम करायची, तो फारच नाझी दिसायला लागल्यावर १९४२ला हात छातीवर आला. ‘आमचा देवावर विश्वास आहे’ हे वाक्य नाण्यावर १८६४पासून, राष्ट्रीय ब्रीदवाक्य झालं १९५६ला. मधे १९०७ला थिओडोर रूझवेल्टनी ते नव्या सोन्याच्या नाण्यांवरून काढलं होतं, पैशावर देव म्हणजे देवाचाच अपमान म्हणून, पण काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) पुढच्याच वर्षी परत टाकायला लावलं.

कोर्टाचं धोरण एकसारखं नाही. १९४३: प्रतिज्ञेची सक्ती नाही. १९६२: शाळेत सरकारी प्रार्थना नाही. अलाबामा राज्याच्या सरन्यायाधीशांनी कोर्टाच्या इमारतीत बायबलमधल्या दहा आज्ञांची शिळा बसवली आणि हलवायचा आदेश पाळला नाही म्हणून २००३ला त्यांचं पद गेलं. पण २०१४ला टाउनच्या मीटिंगआधीची प्रार्थना चालली, नि २०२२ला सरकारी शाळेच्या फुटबॉल कोचने मॅचनंतर मैदानात गुडघे टेकणंही चाललं, ती त्याची खाजगी प्रार्थना धरून.