ड जीवनसत्त्व: मुडदूस, ऊन आणि रक्तातला आकडा

१९२०च्या दशकाच्या आरंभी हचिसन आणि शाह यांनी नाशिक भागात मुडदुसाची, म्हणजे मुलांची हाडे मऊ होऊन वाकण्याच्या आजाराची, पाहणी केली. आजार सापडला तो खाऊनपिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या अंधाऱ्या खोल्यांत. निकस खाणाऱ्या, पण उघड्यावर वाढणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो क्वचितच होता.

१९१९मध्ये इंग्लंडमध्ये मेलॅन्बी यांना कुत्र्याच्या पिल्लांवरील प्रयोगांत कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने मुडदूस टळताना दिसला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी मुलाच्या एकाच हातावर दिव्याची अतिनील किरणे सोडली. एक्स-रेत दोन्ही हातांची हाडे भरून आली होती. त्वचेत तयार होणारे काहीतरी रक्तातून अंगभर पोहोचत होते! १९२२मध्ये मॅकॉलम यांनी तेल तापवून, त्यात हवा सोडून ‘अ’ जीवनसत्त्व नष्ट केले. तरी तेल मुडदुसावर चाललेच. त्या उरलेल्या घटकाला ‘ड’ म्हणू लागले.

‘ड’चे यकृतात बनणारे २५-हायड्रॉक्सी रूप १९६८मध्ये ओळखले गेले, त्यापासून मूत्रपिंडात बनणारे, प्रत्यक्ष काम करणारे १,२५ रूप १९७१पर्यंत. कमतरता आहे का, हे पाहायला रक्तात तपासायचे ते पहिलेच. कमतरतेत पॅराथायरॉइड हॉर्मोन (रक्तातले कॅल्शियम सांभाळणारे) वाढते आणि मूत्रपिंडाला १,२५ बनवण्याच्या कामाला लावते. म्हणून १,२५ची पातळी नॉर्मल किंवा जास्तही येते आणि रुग्णाला उगाच दिलासा मिळतो.

कमतरतेवर आपल्याकडे प्रौढांना सहसा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ८ आठवडे देतात. एक पुडी म्हणजे १.५ मिलिग्रॅम. ती चुकून रोज घेतली गेली की रक्तातले कॅल्शियम चढते: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, गोंधळलेपण, पुढे मूत्रपिंडाला इजा. औषध चरबीत साठत असल्याने पुडी बंद केल्यावरही त्रास कित्येक आठवडे राहतो. म्हणून चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ एवढ्याने भागत नाही. ‘दर रविवारी, जेवणानंतर, एकूण ८’ असे लिहावे. फेरतपासणी ३ महिन्यांनी; त्याआधी पातळी स्थिरावत नाही.

रक्तात २५-हायड्रॉक्सी रूप किती असले की पुरेसे, यावर २०११मध्येच दोन मते पडली. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम मानले, एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने ३०. प्रयोगशाळांच्या रिपोर्टवर ३० रुजले आणि धडधाकट माणसेही ‘कमतरते’त मोजली गेली. २०२४मध्ये सोसायटीने ३०चा आग्रह सोडला, निरोगी प्रौढांची सरसकट तपासणीही नको म्हटले. तक्रार नसलेल्या माणसाच्या २४ने घाबरू नये. पण जमिनीवरून उठताना मांड्या साथ देत नसतील, हाडे दाबल्यावर दुखत असतील आणि रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या आजारात वाढणारे एन्झाइम) वाढले असेल, तर उपचार लांबवू नयेत.