नागरी घळी धूप आणि मातीचे गुणधर्म

छपरे, रस्ते आणि गटारे यांवरून एकवटलेल्या पावसाच्या पाण्याने शहरातली जमीन खोल चिरत जाते, तिला नागरी घळी धूप म्हणतात. पाणी कुठे आणि किती जोराने सुटणार हे शहर ठरवते. घळ किती खोल जाणार, तिच्या कडा किती लवकर ढासळणार, हे मात्र बरेचसे मातीच्या हाती असते. डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगोची राजधानी किन्शासा हे याचे ठळक उदाहरण आहे.

किन्शासातील न्गालिएमा, सेलेम्बाओ, किसेन्सो यांसारख्या डोंगराळ वस्त्या बारीक वाळूच्या जाड थरावर वसल्या आहेत. या वाळूत चिकणमाती आणि सेंद्रिय द्रव्य अगदी थोडे असते. कणांना बांधून ठेवणारे हे दोन्ही घटक तोकडे पडल्याने एकवटलेला प्रवाह वाळू सहज उचलून नेतो. तरीही सगळा दोष वाळूवर टाकणे अन्यायाचे आहे. वर्षाला सुमारे १४०० मिमी पाऊस पडणाऱ्या या भागात गवत-झाडांखालची हीच वाळू बरेचसे पाणी जिरवते. वस्तीत पत्र्यांवरचे पाणी जिरायला जागाच मिळत नाही. पायांनी तुडवलेल्या उघड्या जमिनीवर थेंबांच्या माऱ्याने पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तेथूनही पाणी वाहू लागते.

रस्त्याकडेचे गटार उतारावर अर्धवट सोडलेले असेल, तर त्याच्या तोंडाशी पडणारे पाणी आधी खड्डा करते, मग खालून वाळू पोखरते. वरचा भाग अधांतरी राहून कोसळतो आणि घळीचे तोंड चढाच्या दिशेने सरकते. ओलसर वाळूची कड जवळजवळ उभी राहू शकते, कारण कणांमधली पाण्याची पातळ साय त्यांना धरून ठेवते. मुसळधार पावसात वाळू पाण्याने पूर्ण भरली की ही पकड सुटते आणि कडेलगतचे घर जमिनीसकट खाली जाते. खाली जवळपास कठीण खडक नसल्याने खोलीलाही आडकाठी राहत नाही. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी मुरूम आणि बेसाल्ट ती आडकाठी घालतात; प्रवरा आणि तापी यांच्या काठच्या जाड गाळात मात्र खोल घळी पडलेल्या दिसतात.

चिकणमाती जास्त असली म्हणजे जमीन सुरक्षित, असेही नाही. सोडियमयुक्त चिकणमाती पाण्यात विरघळल्यासारखी विखुरते. जमिनीखाली बोगदे पडतात आणि त्यांची छते खचून घळ उघडी पडते.

१३ डिसेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत किन्शासात पूर आणि दरडींनी शंभराहून अधिक बळी घेतले. मातादी बंदराकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १ माँ-न्गाफुला भागात तुटला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील २६ शहरांत २,९२२ नागरी घळी मोजल्या गेल्या.

रहिवासी वाळूची पोती रचतात, बांबू आणि वाळा लावतात. वाळ्याची मुळे वरचा थर धरतात, पण कित्येक मीटर उंच कडेच्या पायथ्याशी होणारी पोखरण त्यांच्या आवाक्याबाहेर असते. घळीत कचरा टाकून भराव करणे तर घातकच, कारण तो पुढच्या पावसात वाहून जातो. छपराचे पाणी अंगणातल्या शोषखड्ड्यात वळवणे आणि गटार थेट दरीच्या तळापर्यंत पक्के नेणे, हे उपाय घळ पडण्यापूर्वी केले तर खर्च कितीतरी कमी येतो.