अंड्यातलं अंडं

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात, नर्मदेच्या खोऱ्यात, पाडल्या नावाचं गाव आहे. तिथल्या खडकात डायनोसॉरच्या दहा अंड्यांचं एक घरटं सापडलं. सगळी अंडी दगड झालेली, नारळापेक्षा थोडी मोठी. त्यातल्या एका अंड्याच्या कवचाच्या आत, मध्ये मोकळी जागा सोडून, दुसरं गोल कवच होतं. बाहेरच्याचा व्यास १६.६ सेंटीमीटर, आतल्याचा १४.७. अंड्याच्या पोटात अख्खं अंडं. दिल्ली विद्यापीठातल्या हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. असं अंडं डायनोसॉरच्या बाबतीत तोवर जगात कुठेच नोंदलेलं नव्हतं.

कोंबड्यांच्या बाबतीत मात्र हा प्रकार माहीत आहे. लाखात एखादं अंडं भलतंच मोठं निघतं. फोडलं की पिवळा बलक येतो, पांढरा येतो आणि त्यासोबत कवचासकट एक छोटं अंडं वाडग्यात पडतं.

हे होतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. कोंबडीच्या पोटात अंडं एका लांब नळीतून पुढे सरकतं आणि नळीच्या प्रत्येक भागाचं काम ठरलेलं असतं. एका भागात पिवळ्या बलकाभोवती पांढरा चढतो. पुढच्या भागात पातळ पापुद्रा बसतो. उकडलेलं अंडं सोलताना कवचाखाली चिकटून येतो तो हाच. शेवटच्या भागात कॅल्शियमचं कवच तयार होतं आणि त्यालाच जवळजवळ वीस तास लागतात. या नळीतून एका वेळी एकच अंडं जातं. क्वचित एखाद्या कोंबडीच्या नळीचे स्नायू उलट्या दिशेने आकुंचन पावतात आणि पूर्ण झालेलं अंडं मागे ढकललं जातं. तिथे मागून येणारा दुसरा बलक भेटतो, आणि दोघांवर मिळून नवा पांढरा, नवा पापुद्रा, नवं कवच चढतं.

कासवं आणि सरडे यांच्यात अशी कामाची वाटणी नसते. त्यांच्या गर्भाशयात सगळ्या अंड्यांवर एकाच जागी, एकाच सुमारास कवच चढतं. बिघाड झाला तर कवचावर दुसरं कवच थेट चिकटून बसतं, मध्ये जागा उरत नाही. डायनोसॉरची अशी थरावर थर चढलेली अंडी पूर्वी मिळाली होती. त्यामुळे त्यांची अंडी घालण्याची रीत कासवांसारखी असावी, असं मानलं जात होतं. पाडल्याच्या अंड्याने त्या समजुतीला धक्का दिला.

आणि इथे मगरीचा विषय निघतो. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पक्ष्यांची सगळ्यात जवळची नातेवाईक मगर आहे, पाल किंवा सरडा नव्हे. मगरीच्या नळीतही पापुद्र्याचा भाग वेगळा आणि कवचाचा वेगळा असतो, अगदी पक्ष्यासारखा. पण मगर आपली सगळी अंडी एकाच वेळी घालते. पक्षी एकेक करून घालतो. अंड्यातलं अंडं पक्ष्यांत दिसतं, मगरीत ते आढळलेलं नाही. म्हणून या संशोधकांचं म्हणणं असं की, पाडल्याची अंडी ज्याची मानली जातात त्या टायटॅनोसॉर या अवाढव्य, लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचीही नळी मगरीसारखी आणि पक्ष्यासारखी विभागलेली असावी आणि ते अंडी बहुधा पक्ष्यासारखी एकामागून एक घालत असावेत. मला हा तर्क पटतो. तरीही हा सगळा डोलारा एका अंड्यावर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

घरट्यांची गोष्ट मात्र मगरीकडे झुकते. जानेवारी २०२३ मध्ये याच चमूने नर्मदा खोऱ्यातल्या ९२ घरट्यांचा आणि त्यातल्या २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या चमूतले विशाल वर्मा हे धार जिल्ह्यातल्या शाळेत शिकवतात. गावोगावच्या शेतांतून आणि ओढ्यांतून हिंडत त्यांनी कितीतरी वर्षं ही घरटी शोधली आहेत. अशा माणसांशिवाय आपल्याकडचं जीवाश्मशास्त्र एक पाऊलही पुढे गेलं नसतं. घरटी एकमेकांना इतकी लगटून आहेत की, त्यांच्यामधून एवढ्या मोठ्या जनावराला पाय टाकायला जागा राहिली नसती. म्हणजे अंडी उथळ खड्ड्यात घालून, मगरीसारखी मातीखाली झाकून आई निघून जात असणार. अंड्यावर बसून ऊब देण्याचा तर प्रश्नच नव्हता.

एवढ्या मोठ्या प्राण्याचं अंडं एवढंसंच का? त्यात दोन लिटरच्या आसपास पाणी मावेल, म्हणजे कोंबडीची चाळीसेक अंडी. पण अंडं जितकं मोठं, तितकं कवच जाड लागतं, आणि आतल्या पिल्लाला त्याच कवचाच्या बारीक छिद्रांतून श्वास घ्यायचा असतो. कवच फार जाड झालं तर हवा आत पोचत नाही आणि पिल्लालाही ते फोडता येत नाही. म्हणून घरापेक्षा लांब वाढणारा प्राणीही आयुष्य सुरू करायचा तो अर्ध्या मीटरचा होऊन.

त्या अर्ध्या मीटरच्या पिल्लावर टपलेलं कोण होतं, तेही आपल्याला माहीत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातमधल्या ढोली डुंगरी इथे एक घरटं मिळालं होतं. त्यातली हाडं डायनोसॉरच्या पिल्लाची आहेत, असं त्यांनी १९८७ मध्ये लिहिलं. बऱ्याच वर्षांनी अमेरिकी शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा काही मणके सापाचे असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून होता आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू होतं. तेवढ्यात वरून गाळ कोसळला असावा. २०१० मध्ये या सापाला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं.

ही अंडी ज्या खडकात आहेत त्याला जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून लमेटा म्हणतात. त्याच्यावर आपला काळा पाषाण बसलेला आहे, दख्खनचा लाव्हा, ज्यातून सह्याद्री कोरला गेला. पश्चिम महाराष्ट्रात तो इतका जाड आहे की खालचं काही दिसतच नाही. कडेला, विदर्भात, तो विरळ होतो आणि लमेटा वर डोकावतो.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथे शेतांत दगड झालेली विष्ठा मिळते. ती बहुधा टायटॅनोसॉरची असावी, कारण जवळच डोंगरगावला आयसिसॉरस या टायटॅनोसॉरचा सांगाडा मिळाला आहे. वंदना प्रसाद, कॅरोलीन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा त्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण निघाले. एक नाही, अनेक जातींच्या गवतांचे. २००५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा गवताच्या इतिहासाची पानं मागे सरकवावी लागली, कारण डायनोसॉर गवत खात असतील असं कोणी मानतच नव्हतं. पुढे २०११ मध्ये त्याच परिसरातल्या कणांतून भाताच्या कुळातल्या गवताचीही ओळख पटली. शाळेच्या पुस्तकांत हे ठळक अक्षरांत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पाडल्याच्या आसपास लोक असेच गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या पुजत आले होते. काकड भैरव, शेताची आणि गुरांची राखण करणारा देव. आपल्याकडे बांधावरचा म्हसोबा असतो तसा. ती डायनोसॉरची अंडी असल्याची बातमी २०२३ च्या अखेरीस देशभर गेली.

टायटॅनोसॉरच्या अंड्यांची नोंद चंद्रपूर जिल्ह्यातूनही झालेली आहे. एका अंड्यावर उभ्या असलेल्या त्या तर्काला आता दुसरं अंडं हवं आहे, आणि ते तिथेही असू शकतं. अडचण एवढीच की बाहेरून सगळी अंडी सारखी दिसतात. आतलं दुसरं कवच दिसतं ते अंडं आडवं झिजलं किंवा कापलं गेलं तरच, आणि तेही कोणी वाकून नीट पाहिलं तर.