वसंतातील घरची बाग : नाशिककर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या रोपवाटिकेत मे महिन्यात जी तक्रार सर्वाधिक ऐकू येते, ती ‘पाणी रोज घातले, तरी झाड वाळले’ ही होय. असे झाड कुंडीसह आणले गेले की आम्ही ते उपटून मुळे पाहतो. बहुतेक वेळा मुळांचा गोळा पिशवीतून काढला होता त्याच आकाराचा राहिलेला असतो आणि भोवतालच्या नव्या मातीत एकही पांढरे मूळ शिरलेले नसते. झाड मे महिन्यात वाळलेले दिसते, पण त्याचे कारण मार्च-एप्रिलमध्ये घडलेले असते. म्हणून यंदाचे हे माहितीपत्रक आम्ही मुख्यतः एकाच गोष्टीसाठी काढले आहे : नाशिकचा वसंत छोटा असतो, आणि मुळांशी संबंधित सर्व कामे त्या छोट्या काळात उरकून घ्यावी लागतात.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथली थंडी कोरडी असते आणि ती गेल्यावर ऊन लवकर चढते. मार्चमध्ये पहाटे १५ अंशांच्या आसपास असलेले तापमान दुपारी ३३ ते ३५ अंशांवर जाते, आणि एप्रिलमध्ये पारा काही दिवस ४० अंशांना टेकतो. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे जुनी माणसे म्हणतात. त्या दिवसापासून गुढीपाडव्यापर्यंतचे सुमारे ३२ दिवस हा कुंडी बदलण्याचा आणि नवी लागवड करण्याचा उत्तम काळ आम्ही मानतो. मात्र तिथी मागेपुढे होत असते. महाशिवरात्र २०२४ मध्ये ८ मार्चला होती, तर २०२६ मध्ये १५ फेब्रुवारीला. त्यामुळे पंचांगाबरोबर पहाटेच्या हवेकडेही लक्ष असावे. जाड पांघरूण नकोसे वाटू लागले, की झाडांची मुळेही हलू लागली असे समजण्यास हरकत नाही.

कुंडी बदलताना

कुंडीच्या तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर आली असतील, किंवा घातलेले पाणी मातीत न मुरता कडेने लगेच खाली निघून जात असेल, तर कुंडी बदलण्याची वेळ आली आहे. नवी कुंडी जुनीपेक्षा दोन ते तीन इंचच मोठी असावी. फार मोठ्या कुंडीत मुळे पोहोचत नाहीत तेथील माती सतत ओली राहते आणि मुळे कुजू लागतात. आदल्या दिवशी झाडाला पाणी द्यावे, काम सायंकाळी करावे, आणि गोळ्याभोवती गोल गोल फिरलेली मुळे बोटांनी हलकेच मोकळी करावीत. हे शेवटचे काम टाळले जाते, कारण मुळे तुटतील अशी भीती वाटते. परंतु बारीक मुळे थोडी तुटली तरी या दिवसांत झाड ती भरून काढते. गोलाकार वाढलेली मुळे तशीच ठेवली, तर ती पुढेही गोलच फिरत राहतात. त्यानंतर झाड पाच-सहा दिवस सावलीत ठेवावे आणि किमान तीन आठवडे रासायनिक खत देऊ नये.

मातीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. नाशिक परिसरातील काळी माती शेतात उत्तम, परंतु कुंडीत एकटी वापरल्यास त्रासदायक ठरते. ओली असताना ती फुगून चिकट होते, आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेले पाणी त्या फटीतून खाली वाहून जाते, वरून माती भिजलेली दिसते आणि आतला गोळा कोरडाच राहतो. म्हणून दोन भाग लाल माती किंवा नदीकाठचा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण घ्यावे. बारा इंची कुंडीमागे त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावे. ताजे शेण कुंडीत घालू नये. ते कुजताना तयार होणाऱ्या उष्णतेने आणि अमोनियाने मुळे भाजतात.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. एक घनफूट ओली माती सुमारे ४५ किलो भरते. जड कुंड्या स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळई किंवा भिंत खाली असेल तेथे ठेवाव्यात.

मोगरा आणि गुलाब

मोगऱ्याला फुले नव्या फुटव्यांवर येतात. म्हणून फेब्रुवारीत त्याची साधारण निम्म्या उंचीवर छाटणी करून, उरलेली पाने काढून, शेणखत देऊन पाणी वाढवावे. चैत्र-वैशाखात त्याचे फळ दिसते. हे राहून गेले असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातही छाटणी चालते, बहर तेवढा पुढे जातो. न छाटलेला मोगरा उंच वाढतो आणि मोजकी फुले देतो.

नाशिकला मोगल काळात गुलशनाबाद म्हणत असत, आणि आजही आमच्याकडे सर्वाधिक मागणी गुलाबालाच आहे. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरची. वसंतात ती करू नये. या दिवसांत फक्त सुकलेली फुले खालच्या पाच पानी पानाच्या वर कापावीत आणि मेलेल्या काड्या काढाव्यात. डोळा भरलेल्या, म्हणजे रानटी खुंटावर चांगल्या जातीचा डोळा बसवून तयार केलेल्या गुलाबावर, डोळा भरला त्या जागेच्या खालून जोमदार फुटवा आला, तर तो मूळ रानटी खुंटाचा असतो. तो पाहून झाड चांगले वाढत आहे असा समज होतो, परंतु असा फुटवा वर्षभरात चांगल्या जातीला दाबून टाकतो. तो कात्रीने न कापता मुळाशी धरून ओढून काढावा. कापल्यास तेथून पुन्हा फुटतो.

भाजीपाला

उन्हाळी भाज्यांच्या बियांना उबदार माती लागते. जानेवारीत पेरलेली भेंडी अनेकदा उगवतच नाही, आणि दोष बियाण्यावर येतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पेरलेली भेंडी, गवार, चवळी, तांबडा माठ, काकडी, कारली, दोडका आणि दुधी मात्र जोमाने येतात. भेंडीचे बी रात्रभर आणि कारल्याचे टणक बी २४ तास पाण्यात भिजवावे. तांबडा माठ महिन्याभरात काढणीस येतो, त्यामुळे लहान मुलांसोबत पहिली पेरणी करायची असल्यास आम्ही तोच सुचवतो. कोथिंबीर आणि पालक यांना आता अर्धी सावली द्यावी, अन्यथा त्यांना लवकर फुले येतात. टोमॅटोची दिवसाचे तापमान ३५ अंशांपुढे गेल्यावर फूलगळ होते; ती खताने थांबत नाही.

वेलींविषयी नेहमीचा प्रश्न असा की, ‘फुले भरपूर आहेत, फळ धरत का नाही?’ या वेलींवर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. आरंभी बहुधा नर फुलेच येतात, आणि ती गळणे स्वाभाविक आहे. मादी फुलाच्या देठाशी इवलेसे फळ दिसते. ते पिवळे पडून गळत असेल, तर परागीभवन झालेले नाही. उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्या कमी पोहोचत असल्याने हे सर्रास घडते. अशा वेळी नर फूल तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पिवळे पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. काकडी आणि कारल्यासाठी हे सकाळी करावे, परंतु दुधी आणि दोडका यांची फुले सायंकाळी उमलत असल्याने त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ योग्य असते. वेळेची ही एक बाब ध्यानात घेतल्यावर दुधी धरू लागल्याचे ग्राहक आम्हाला येऊन सांगतात, तेव्हा मनापासून आनंद होतो. फळ धरल्यावर फळमाशीपासून रक्षणासाठी त्यावर कागदी पिशवी सैलसर बांधावी.

अंगणात द्राक्षाचा एखादा वेल असेल, तर त्याची खरड छाटणी (काड्या अगदी आखूड कापण्याची छाटणी) बागायतदारांप्रमाणे एप्रिलमध्येच करावी. कागदी लिंबाला या वेळी फुले व बारीक फळे असतात. त्याचे पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस बंद असे होऊ देऊ नये, फळे गळतात.

पाणी

बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे, आणि आत कोरडे लागले तरच, तळातून थेंब पडेपर्यंत, सकाळी पाणी द्यावे. दुपारी दुधीची किंवा जास्वंदीची पाने मलूल दिसली तरी घाई करू नये. सायंकाळी ती आपोआप सावरली तर मुळांशी ओल आहे असे समजावे. शहराची तहान मुख्यतः गंगापूर धरणाच्या पाण्यावर भागते, म्हणून मातीवर दोन इंच वाळलेल्या पानांचे आच्छादन करण्याचा आमचा आग्रह आहे. या दिवसांत सोसायट्यांच्या आवारात पानगळीचे ढीग पेटवलेले दिसतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. तोच पालापाचोळा कुंडीवर पसरला, तर पाण्याची फेरी एखाद्या दिवसाने लांबते आणि पावसाळ्यापर्यंत त्याचे खत होते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, त्यात डास होतात.

कीड व रोग

थंड रात्री आणि कोरडे दिवस यांमुळे गुलाबावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, येते. त्यासाठी पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात सकाळी फवारावे. तापमान ३२ अंशांपुढे जाऊ लागल्यावर आणि काकडीवर्गीय वेलींवर मात्र ते वापरू नये, पाने करपतात. जास्वंदीवर कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसताच ती फांदी कापून बंद पिशवीत टाकावी, उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि लिटरभर पाण्यात ५ मिली निंबतेल व थोडा सौम्य द्रवसाबण मिसळून दर आठवड्याला सायंकाळी फवारणी करावी. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण त्या या किडीला झाडभर पसरवतात.

खरेदीविषयी

गुढीपाडव्यानंतर उघड्या, पश्चिमेच्या गच्चीसाठी नवे गुलाब नेऊ नयेत, असे आम्ही विक्रेते असूनही सांगतो. रोप आवडलेच, तर ते पिशवीतच ५० टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखाली सांभाळावे आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर कुंडीत लावावे. आम्ही स्वतः एका वर्षी एप्रिलच्या मध्यास गुलाबांच्या कुंड्या बदलल्या होत्या, आणि त्यातील निम्म्याहून अधिक झाडे गमावली.

झाडाविषयी शंका असल्यास संपूर्ण कुंडी उचलून आणण्याची गरज नाही. रोगट पान, शक्यतो देठासह, बंद पिशवीत घालून सकाळच्या वेळी आणावे, आणि झाडाला किती तास ऊन मिळते व शेवटचे खत केव्हा दिले, एवढे सांगावे. या सल्ल्याचे मूल्य आकारले जात नाही.