शब्दविच्छेद (इंग्रजी)

लांबलचक इंग्रजी शब्द वाचता यावा, बिनचूक लिहिता यावा आणि त्याचा अर्थ लागावा म्हणून त्याचे तुकडे पाडण्याची रीत. उच्चाराप्रमाणे पडणारा तुकडा म्हणजे सिलेबल; त्यात स्वरध्वनी एकच असतो. अर्थाप्रमाणे फोड केली, की उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय सुटे होतात. शिकवताना या दोन्हींची सरमिसळ होते आणि विद्यार्थी तिथेच गोंधळतो.

'हेलिकॉप्टर' बोलताना हे-लि-कॉप-टर असे चार तुकडे पडतात. त्यातले ग्रीक घटक मात्र दोनच: 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख. उच्चार 'प'नंतर तुटतो, अर्थ 'प'च्या आधी.

२८ अक्षरी 'अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरिअनिझम' आतून बाहेर सोलावा. गाभ्यात 'एस्टॅब्लिश', म्हणजे इथे चर्चला राजमान्यता देणे; 'मेंट'ने त्याचे नाम होते. 'डिस'ने ती मान्यता काढून घेतली जाते, 'एरिअन' हा तसे मत असलेला, 'अँटि'ने त्याला विरोध आणि 'इझम'ने त्या विरोधाची विचारसरणी होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या चर्चची राजमान्यता टिकवू पाहणाऱ्यांची ही भूमिका. बोलताना मात्र 'मेंट'मधला 'ट' पुढच्या सिलेबलला जाऊन चिकटतो.

स्पेलिंगसाठी घटकच जास्त उपयोगी. 'साइन'मधला मुका जी 'सिग्नेचर'मध्ये ऐकू येतो, तेव्हा तो का लिहायचा हे घोकावे लागत नाही. उच्चारासाठी सिलेबल हवेत, पण नुसते मोजून भागत नाही. मराठी माणूस इंग्रजी शब्दाचे प्रत्येक अक्षर जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत मुख्य आघात एकाच सिलेबलवर येतो आणि तो जागाही बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्यावर, 'फोटोग्राफी'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर.

छपाईत ओळीच्या शेवटी शब्द तोडताना अमेरिकी परंपरा प्रामुख्याने उच्चार पाहते, ब्रिटिश परंपरा व्युत्पत्तीला अधिक मान देते. त्यामुळे 'नॉलेज' अमेरिकेत एलनंतर तुटतो, ब्रिटनमध्ये डब्ल्यूनंतर. डोनाल्ड कनूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीसाठी फ्रँक लिआंग यांनी १९८३ च्या स्टॅनफर्डमधील प्रबंधात अक्षरक्रमांच्या सुमारे साडेचार हजार नमुन्यांवरून तोडण्याच्या जागा शोधणारी पद्धत मांडली. 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट' हे शब्द मात्र 'टेक' तोडतच नाही, कारण ते नाम असताना एका जागी तुटतात आणि क्रियापद असताना दुसऱ्या.