ट्रेझरर आणि कंट्रोलर: मंडळाचा खजिनदार आधी डोक्यातून काढा

कॅलिफोर्नियात दर चार वर्षांनी मतपत्रिका घरी आली की आमच्या मराठी मंडळींत तोच प्रश्न. "ट्रेझरर आणि कंट्रोलर एकच ना? मग दोन वेगळे रकाने कशाला?" लगेच कुणीतरी ठोकून देतं, "एक अर्थमंत्री, दुसरा त्याचा राज्यमंत्री." २०१८ला हेच ऐकलं, २०२२लाही हेच. आता लिहूनच टाकतो, पुढच्या वेळी फक्त पाठवून देईन.

मंडळाचा खजिनदार तुम्हाला माहीत आहे. पावतीपुस्तकं त्याच्याकडे, चेकवर सही त्याची, मांडववाल्याचं बिल तोच भागवतो आणि वार्षिक सभेत हिशेबही तोच वाचतो. घोळाचं मूळ हेच. कॅलिफोर्नियाने या एका माणसाची मुद्दाम दोन माणसं केली आहेत.

किरकोळ गोष्टी आधी उरकतो. दोघंही राज्यभरातून थेट निवडून येतात. मुदत चार वर्षं, जास्तीत जास्त दोनदा. जूनच्या पहिल्या फेरीतले पहिले दोघं नोव्हेंबरात भिडतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन मंडळावर, म्हणजे कॅलपर्सवर, दोघंही पदसिद्ध बसतात. आणि न्यूयॉर्कवाले ज्या शब्दात मधे 'एम' आणि 'पी' घालतात त्याचाही उच्चार कंट्रोलरच करायचा. 'कॉम्प्ट्रोलर' ऐकलं की माझे कान किटतात.

आता खरा फरक. राज्याच्या घटनेत लिहिलंय की तिजोरीतून पैसा काढायचा तर दोन गोष्टी हव्यात: कायद्याने मंजूर झालेला खर्च, आणि त्यावर कंट्रोलरने रीतसर काढलेलं वॉरंट. हे वॉरंट अटकेचं नाही. चेकसारखा कागद असतो तो, ट्रेझररला उद्देशून लिहिलेला: अमक्याला इतके द्या. बिल आलं की ते मंजुरीत बसतं का हे कंट्रोलर बघणार आणि वॉरंट काढणार. ते वटवणार ट्रेझरर. तिजोरी एकाच्या ताब्यात, पैसे काढायचा कागद दुसऱ्याच्या. ट्रेझररपुढे अब्जावधी डॉलर पडलेले असले तरी मनात आलं म्हणून तो कुणाला एक डॉलर देऊ शकत नाही. कंट्रोलर रोज कोट्यवधींची वॉरंटं काढतो, पण रोकड त्याच्या हाती नसते.

एरवी ही नुसती कागदपत्रांची भानगड वाटते. २००९च्या उन्हाळ्यात ती घरोघरी पोचली. अर्थसंकल्पाला २६ अब्ज डॉलरचं भगदाड, गव्हर्नर (म्हणजे इथला मुख्यमंत्रीच म्हणा) श्वार्झनेगर आणि विधिमंडळ अडून बसलेले, रोकड आटलेली. २ जुलैपासून कंट्रोलर जॉन चियांग यांनी नेहमीच्या वॉरंटांऐवजी 'रजिस्टर्ड वॉरंट' काढायला सुरुवात केली. सरळ सांगायचं तर उधारीची चिठ्ठी: आत्ता पैसे नाहीत, नंतर ३.७५ टक्के व्याजासकट घ्या. कुणाच्या हातात टॅक्सच्या परताव्याऐवजी ही चिठ्ठी पडली, कुणा कंत्राटदाराच्या हातात बिलाऐवजी. शाळा आणि कर्जरोखेधारकांचा हक्क पहिला, म्हणून त्यांना रोख. कुणाला रोख आणि कुणाला चिठ्ठी हे कायद्याच्या त्या क्रमाने लावणं कंट्रोलरचं काम होतं. त्या वेळचे ट्रेझरर बिल लॉकयर यांच्याकडे दुसरी बाजू होती, बाजारातून राज्यासाठी कर्ज उभं करण्याची. अर्थसंकल्पाचा तिढा जुलैअखेर सुटला आणि ४ सप्टेंबरपासून चिठ्ठ्या वटू लागल्या. पुढे हेच चियांग २०१५ला ट्रेझरर झाले. लोकांचा गोंधळ वाढवायला तेवढंच बाकी होतं!

आणि अर्थमंत्री? तो या दोघांपैकी कुणीच नाही. अर्थसंकल्प मांडतो गव्हर्नर, तो तयार करतं त्याचं वित्त खातं, आणि त्या खात्याचा संचालक नेमलेला असतो, मतपत्रिकेवर दिसतच नाही. कर वाढवायचे की घटवायचे हे विधिमंडळ ठरवतं. त्यामुळे ट्रेझररपदाचा उमेदवार "मी टॅक्स कमी करीन" म्हणाला की माझ्यापुरता तो तिथेच बाद. त्याला एक तर पद कळलेलं नाही, नाही तर तुम्हाला ते कळलेलं नाही हे त्याने ओळखलंय. महाराष्ट्र सरकारच्या कर्जरोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते. इथे राज्याचे रोखे विकण्याचं काम ट्रेझररचं. शिवाय पडून असलेला पैसा गुंतवायचा. त्याला मत देताना मी एवढंच बघतो: कर्ज कसं घेणार, पैसा कुठे ठेवणार. कंट्रोलरच्या बाबतीत बघतो की गव्हर्नर आपल्याच पक्षाचा असला तरी हा माणूस बिल अडवेल का.

"गुंतवणुकीत काय बघायचंय, सगळे सारखेच" असं म्हणणाऱ्यांना मी ऑरेंज काउंटीची गोष्ट सांगतो. तिथेही ट्रेझरर निवडून येतो, राज्याचा नव्हे, काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचा. १९९४ साली त्या खुर्चीत रॉबर्ट सिट्रन होते. कर्ज काढून गुंतवणूक करायची, व्याजदर चढणार नाहीत यावर पैज लावायची, आणि परतावा इतका झकास की सगळे खूश. जूनच्या निवडणुकीत जॉन मूरलाक नावाचा एक अकाउंटंट त्यांच्याविरुद्ध उभा राहिला आणि हा डोलारा कोसळणार म्हणून कानीकपाळी ओरडत राहिला. मतदारांनी सिट्रननाच निवडून दिलं. व्याजदर चढले. सुमारे १.६ अब्ज डॉलर बुडाले आणि ६ डिसेंबरला काउंटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोवर सिट्रन राजीनामा देऊन मोकळे झाले होते. मार्च १९९५मध्ये त्या खुर्चीवर नेमणूक झाली ती मूरलाक यांची.